गिनी कोंबडीचं भांडण आणि काठी नसलेले पंच

१९९४ सालच्या सुरुवातीची गोष्ट. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या उत्तर भागात, बिंबिल्लाजवळच्या नाकपायिली गावच्या बाजारात दोन माणसांची एका गिनी कोंबडीच्या भावावरून जुंपली. एक कोंकोंबा जमातीचा, दुसरा नानुंबा जमातीचा. बाजार म्हटला की हे चालायचंच. आवाज चढतात, कोणीतरी मधे पडतं, दोघं आपापल्या वाटेने जातात. त्या दिवशी तसं झालं नाही. भांडण बाजारातून घरी गेलं, घरून गावात, गावातून जिल्ह्यात. बघता बघता एका बाजूला कोंकोंबा आणि दुसऱ्या बाजूला नानुंबा, दागोंबा आणि गोंजा असं युद्ध पेटलं. सरकारला सात जिल्ह्यांत आणीबाणी लावावी लागली. मेलेल्यांचा आकडा कोणी दोन हजार धरतं, कोणी पंधरा हजारांपर्यंत नेतं. घरदार सोडून पळालेले लाखाच्या वर. लोक याला ‘गिनी कोंबडीचं युद्ध’ म्हणू लागले. असे तंटे भडकण्याआधीच शमवायला घानाने पुढे एक शांतता परिषद उभी केली, जिच्या हाती हुकमाची काठी नाही. ही गोष्ट तिची.

नाव मजेशीर आहे आणि म्हणूनच फसवं. पांढऱ्या ठिपक्यांच्या एका पाखरासाठी कोणी शेजारचं गाव जाळत नाही. खरं भांडण खुर्चीचं होतं. खुर्ची हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, तिथे तो थोडा वेगळा असला तरी. घानाच्या दक्षिणेत जमातीचा प्रमुख स्टुलावर बसतो, उत्तरेत जनावराच्या कातड्यावर. आपण ‘गादीवर बसला’ म्हणतो, तसं तिथे ‘कातड्यावर बसला’ म्हणतात. ज्याच्याकडे कातडं, त्याच्याकडे जमिनीचा अधिकार आणि न्यायनिवाडाही. दागोंबा, नानुंबा, गोंजा यांची जुनी राज्यं, त्यांचे राजे. कोंकोंबांमध्ये असा एक मोठा राजा परंपरेने नव्हताच. प्रत्येक कुळाचे वडीलधारे आपलं आपण बघत. ब्रिटिश आले तेव्हा त्यांना कारभारासाठी राजे हवे होते. ज्यांचे राजे होते त्यांच्या हाती त्यांनी सगळा प्रदेश दिला, आणि कोंकोंबा दुसऱ्याच्या राज्यातले कुळवाडी झाले.

शेतकरी म्हणून ते पक्के. आपल्या कोनफळाच्या जातीतला याम नावाचा कंद पिकवण्यात त्यांचा हात धरणारे थोडे; राजधानी अक्रात यामचा एक मोठा बाजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पण जमिनीबद्दल वाटा द्यायचा दुसऱ्याच्या प्रमुखाला, आणि नवराबायकोच्या तंट्यापासून बांधाच्या वादापर्यंत न्याय मागायचा तोही त्याच्याच दारात. प्रांताच्या ‘प्रमुखांच्या सभागृहा’त त्यांना जागा नव्हती, कारण तिथे बसायला सर्वोच्च दर्जाचा प्रमुख लागतो आणि तो त्यांना नव्हता. १९९३ मध्ये त्यांनी तशा प्रमुखपदाची रीतसर मागणी केली. ती मान्य झाली नाही. तणाव वाढत गेला आणि काही महिन्यांतच कोंबडीचं निमित्त झालं.

लष्कर आलं आणि बंदुका गप्प झाल्या. मग पुढे काय? मारणारे आणि मार खाल्लेले त्याच गावांत, त्याच पाणवठ्यावर परत येणार होते. निर्वासितांना धान्य-औषधं पोचवणाऱ्या संस्थांनी आधी मदतीसाठी आघाडी केली होती. शांतता नसेल तर मदत फुकट जाते हे दिसल्यावर त्याच संस्था बोलणी करवायला लागल्या. बैठका झाल्या लढाईच्या टापूबाहेर, कुमासी शहरात. आधी प्रत्येक बाजूला वेगवेगळं ऐकून घेतलं, मग एकत्र बसवलं. मार्च १९९६ मध्ये कुमासीचा करार झाला. दोन वर्षं लागली, आणि ती वर्षं सह्या करण्यात नव्हे, ऐकण्यात गेली.

करार झाला म्हणून उत्तरेतले सगळे तंटे मिटले नाहीत. मार्च २००२ मध्ये दागोंबांच्या दागबोन राज्यात, येंडी या राजधानीत, तिथले ‘या-ना’, म्हणजे राजे, याकुबू अंदानी दुसरे यांना त्यांच्या सुमारे चाळीस माणसांसह मारण्यात आलं. ही लढाई दोन जमातींची नव्हती. ती एकाच राजघराण्याच्या अबुदू आणि अंदानी या दोन शाखांची होती, ज्यांच्यात गादी आळीपाळीने जायची. चौकशी आयोग नेमला, खटले चालले. दोन्ही शाखा एकमेकींकडे पाठ करून बसल्या त्या बसल्याच. या प्रकरणानंतर, २००४ च्या सुमारास, उत्तर प्रांतात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक प्रांतिक शांतता परिषद उभी राहिली. ती चालते आहे हे पाहून गृहखात्याने २००६ मध्ये तीच घडण देशभर न्यायची योजना आखली, आणि २०११ मध्ये संसदेने कायदा केला: राष्ट्रीय शांतता परिषद कायदा, क्रमांक ८१८. देशपातळीवर एक परिषद, प्रत्येक प्रांतात एक, आणि खाली जिल्ह्यांत. घानात तेव्हा दहा प्रांत होते, आता सोळा आहेत.

या परिषदेत बसतं कोण, हे पाहण्यासारखं आहे. राष्ट्रीय परिषदेत १३ सदस्य. कॅथलिक बिशप, इतर ख्रिस्ती पंथांचे तीन प्रतिनिधी, मुसलमानांमधले अहमदिया, सुन्ना आणि तिजानिया असे तीन वेगळे, पारंपरिक आफ्रिकी धर्माचा एक, प्रमुखांच्या राष्ट्रीय सभागृहाचा एक. हे झाले नऊ. उरलेल्या चारांपैकी दोन राष्ट्राध्यक्ष सुचवतात आणि दोन समाजातले इतर गट. प्रांतातली घडणही साधारण अशीच. यादी वाचताना मला हसू आलं होतं, कारण यातले निम्मे तर एरवी एकमेकांशीच वाद घालणारे. पण तेच तर हवं आहे. तिजानिया पंथाच्या पोराने दगड उचलला तर त्याच्या मौलवीला फोन करणारा माणूस त्याच टेबलाशी बसलेला असतो. कायद्याने परिषद कोणाच्याही हुकमाखाली नाही, सरकारच्याही नाही.

आणि तिच्या हाती काहीच नाही! पोलीस नाहीत, तुरुंग नाही, दंड करायचा अधिकार नाही. कोणाला समन्स काढून हजर करता येत नाही. आपल्याकडे ‘पंच’ म्हटलं की लगेच जातपंचायत डोळ्यांपुढे येते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवं. जातपंचायत दंड घेते, वाळीत टाकते, आणि महाराष्ट्राला तर त्या सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. शांतता परिषद यातलं काही करत नाही. खून झाला तर ते काम पोलिसांचं आणि कोर्टाचंच. तो मिटवून टाकायला परिषद नसते. मग ती असते कशाला?

कोर्टाचं काम बघा. कोण बरोबर, कोण चूक, एवढं ते सांगतं. शेताच्या हद्दीचा निकाल लागला की एक जिंकतो, एक हरतो. पण हरलेला माणूस गाव सोडून जात नाही. तो त्याच रस्त्याने त्याच शेताशेजारून रोज जातो, मनात निकाल घोळवत. परिषद कोण बरोबर हा प्रश्न शक्यतो हातातच घेत नाही. ती विचारते, उद्या बाजार उघडायचा असेल तर तुम्हाला काय लागेल? कोंकोंबांची मागणी होती सर्वोच्च प्रमुखपदाची. त्या मागणीखालची गरज वेगळी होती: कसणाऱ्या जमिनीवरून कोणी हाकलू नये, आपले तंटे आपल्या माणसांनी सोडवावेत. मागणीवर दोन बाजू अडून बसतात. गरजेवर बोलायला थोडी जागा सापडते. मध्यस्थाचं सगळं कौशल्य मागणीकडून गरजेकडे उतरण्यात आहे. हे लिहायला एक ओळ पुरते, करायला दोन-दोन वर्षं जातात.

परिषदेचा जास्त वेळ मात्र मध्यस्थीत जात नाही. जातो तो कानोसा घेण्यात. पेरणीच्या तोंडावर वादातल्या जमिनीवर कोणी झाडी साफ करायला लागलंय का. एखाद्या वस्तीतल्या बायकापोरांना नातेवाइकांकडे पाठवलं जातंय का. दुकानं नेहमीपेक्षा लवकर बंद होतात का. एफएम रेडिओवर रात्रीच्या कार्यक्रमात कोण काय बोललं. यातली एकेक गोष्ट पोलिसांच्या डायरीत जात नाही, कारण तो गुन्हा नाही. पण जिल्ह्यातल्या बिशपाला, इमामाला, बाजारातल्या बायकांच्या म्होरकीला ती बरोबर समजते. मग प्रांतिक कार्यालयातून फोन जातो, कोणीतरी भेटायला जातं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. आणि भागलं की त्याची बातमी होत नाही, म्हणून परिषदेने काय केलं हे दाखवताही येत नाही. न लागलेल्या आगीचा पंचनामा कोण करणार?

उत्तर घानात कानोसा घेण्याची सर्वात महत्त्वाची जागा म्हणजे उत्तरकार्य. हे आपल्याला चटकन कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. राजा वारला की दफन लवकर होतं, पण अखेरचं उत्तरकार्य पुढे कधीतरी, कधीकधी वर्षानुवर्षांनी होतं. ते झाल्याशिवाय नवा राजा बसवता येत नाही. म्हणजे कोणी ‘आम्ही अमक्या राजाचं उत्तरकार्य करणार’ असं जाहीर केलं, तर त्याचा अर्थ ‘तो खरा राजा होता, आणि आता त्याच्या जागी आमचा माणूस बसणार’ असा होतो. तारीख जाहीर होणं हीच ठिणगी.

दागबोनचा तिढा याच गाठीत अडकला होता. अंदानी शाखेचा राजा २००२ मध्ये मारला गेला. त्याचं दफनच झालं २००६ च्या एप्रिलमध्ये. तिकडे अबुदू शाखेचं दुखणं त्याहून जुनं. त्यांचे महमदू अब्दुलाइ चौथे १९७४ मध्ये गादीवरून उतरवले गेले, १९८८ मध्ये वारले, आणि पदच्युत म्हणून त्यांचं राजाला शोभेल असं उत्तरकार्य झालंच नव्हतं. दोन मृत राजे, आणि मान कोणाला आधी हा प्रश्न. सरकारने तोडगा काढण्याचं काम तीन मोठ्या राजांच्या समितीकडे दिलं: असांते लोकांचे राजे ओसेइ तुतु दुसरे, मामप्रुसींचे नायिरी आणि गोंजांचे यागबोनवुरा. शेवटी २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये वाट ठरली ती अगदी साधी दिसते. आधी अबुदूंच्या राजाचं उत्तरकार्य डिसेंबरात, मग अंदानींच्या राजाचं जानेवारीत, आणि त्यानंतर नवा या-ना. २०१९ च्या जानेवारीअखेर नवा राजा कातड्यावर बसला. सुमारे सतरा वर्षांनी.

याचं श्रेय मुख्यतः त्या तीन राजांचं आहे, शांतता परिषदेचं नव्हे. परिषदेचं काम त्या मधल्या वर्षांतलं: दोन्ही शाखांच्या तरुणांशी बोलत राहणं, अफवा शमवणं, राजांची समिती बोलत असताना खाली रस्त्यावर काही फुटू नये हे बघणं. नाटकात रंगमंचामागच्यांचं असतं तसं. कायदाही परिषदेला देशी रीती वापरायला सांगतो, आणि उत्तरेत अशा रीती भरपूर. फ्राफ्रा आणि दागाबा या दोन जमातींचं नातं चेष्टेचं आहे. एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची आणि राग मानायचा नाही, अगदी मयताच्या घरीसुद्धा. हे नातं मध्यस्थाला फुकटात मिळालेलं हत्यार आहे.

निवडणुकांबद्दल थोडक्यात, कारण परिषदेचं नाव झालं ते तिथेच. २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत दुसऱ्या फेरीत अट्टा मिल्स आणि अकुफो-अड्डो यांच्यात चाळीस हजारांच्या आसपास मतांचं अंतर होतं, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी. निकाल ताइन नावाच्या एका मतदारसंघावर येऊन अडला. त्या दिवसांत कार्डिनल पीटर टर्कसन यांच्या अध्यक्षतेखालच्या, तेव्हा अजून कायदा न झालेल्या परिषदेने दोन्ही गोटांशी पडद्याआड बोलणी केली. सत्ता शांततेत बदलली. २०१२ मध्ये मतदानाआधीच सगळ्या उमेदवारांनी कुमासीत, असांते राजांच्या साक्षीने, निकालाचं भांडण रस्त्यावर नेणार नाही असं लिहून दिलं. पुढच्या वर्षी त्या निवडणुकीला दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या मतांनी निकाल दिला, तेव्हा हरलेल्या अकुफो-अड्डोंनी तो पटला नसल्याचं सांगून स्वीकारला. शब्द सर्वांसमोर दिलेला होता, त्याचा हा उपयोग.

आता दुसरी बाजू. बुर्किना फासोच्या सीमेजवळ बावकू नावाचं गाव आहे. तिथे कुसासी आणि मामप्रुसी यांच्यात प्रमुखपदाचा वाद आहे, आणि त्याचा इतिहास वाचला की परिषदेची दमछाक का होते ते कळतं. १९५७ च्या चौकशीनंतर पद कुसासींकडे गेलं. १९६६ मध्ये घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांचं सरकार उलथलं आणि नव्या लष्करी सरकारने फतवा काढून ते मामप्रुसींना दिलं. १९८३ मध्ये दुसऱ्या लष्करी सरकारने ते पुन्हा कुसासींना दिलं. वर सत्ता बदलली की खाली प्रमुख बदलतो, हा धडा दोन्ही बाजूंनी गिरवला. मग शेजाऱ्याशी तडजोड कशाला करायची? आपल्या बाजूचं सरकार येईपर्यंत थांबायचं. २०२१ च्या अखेरीस चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या एका मामप्रुसी प्रमुखाचं उत्तरकार्य करण्याची हालचाल झाली आणि पुन्हा गोळीबार सुरू झाला. २०२३ मध्ये मामप्रुसींच्या राजाने बावकूसाठी दुसरा प्रमुख बसवला. संचारबंदी लागली, माणसं मरत राहिली, आणि पुढे मध्यस्थीसाठी पुन्हा असांते राजांनाच उतरावं लागलं. प्रांतिक परिषद तिथे होती, स्थानिक शांतता समितीही होती. पण दोन्हीकडच्यांना आपला प्रश्न अक्रात सुटेल असं वाटत असेल, तर गावातल्या पंचाचा फोन कोण उचलेल?

बाकी अडचणी आपल्यालाही ओळखीच्या. पैसा कधी वेळेवर आणि पुरेसा येत नाही, परदेशी मदतीवर मदार. परिषद नुसती पत्रकं काढते अशी टीका निवडणुकीच्या काळात ठरलेली. आणि तेरा जणांत कायद्याने बायकांना हमखास जागा दोन.

आपल्याकडे भिवंडीत हा प्रयोग वेगळ्या वाटेने झाला होता. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भाजलेल्या त्या यंत्रमागाच्या शहरात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली साधी हिंदू-मुसलमान माणसं, सोबत त्या भागाचा पोलीस शिपाई, आणि बैठका दंगलीनंतर नव्हे तर नेहमीच. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. इथे परिषद पोलिसांनीच उभी केली, घानात ती पोलिसांपासून मुद्दाम दूर ठेवली. तरी कोणाला बोलवायचं हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

म्हणून मला आमच्या गावच्या शांतता कमिटीची बैठक आठवते. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात, पंखा फुल्ल, चहा आणि वेफर्स. बहुतेक वेळ मिरवणुकीचा मार्ग आणि डीजेची वेळ यावर गेला. हजेरीच्या वहीत माझ्या नावाच्या वर सही केलेली नावं मागच्या वर्षीची होती, त्याआधीच्या वर्षीचीही तीच, असं शेजारच्या काकांनी हसत सांगितलं. डीजे आणणारी पोरं बाहेर चहाच्या टपरीवर उभी होती. त्यांना आत कोणी बोलावलं नव्हतं. मीही नाही.